सात नंबर रिकामाच असतो

"ज्या हातांनी सायरन मुका केला, ते हात शोधा." हे वाक्य माझं आहे. पत्रकाच्या अगदी वर, लाल अक्षरांत. सांगलीच्या स्टँडवर, मार्केट यार्डाच्या फाटकात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या रांगेत मी ते स्वतः वाटलं. माझ्या मावशीची फुफ्फुसं अमोनियानं भाजली होती आणि मला एक नाव हवं होतं. मालकाचंच निघणार अशी खात्री होती.

ते हात माझ्या वडिलांचे निघाले.

हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

आप्पा फौजेत सिग्नलला होते. साताऱ्यात रिटायर फौजी दर गल्लीत दोन. कुणी गेटवर सिक्युरिटी करतो, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. आप्पांनी मेलेले कॉम्प्युटर उठवायचं काम धरलं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि पार शिरवळपर्यंत असे कारखाने आहेत की बाहेर काचेचं ऑफिस, पाहुण्यांना एसी, आणि आत मशीन चालवायला पिवळा पडलेला जुनाट पीसी. मशीनचं कार्ड, म्हणजे सर्किटची पट्टी, त्याच्याच स्लॉटात बसतं, प्रोग्राम विंडोजच्या आधीच्या डॉसवरच चालतो, आणि नवीन घ्या म्हटलं की मालकाला घाम फुटतो. तो डबा बंद पडला की आप्पांना फोन. फूटपाथवर माणूस मेला तर एवढ्या घाईनं कुणी फोन करत नाही.

त्या डब्याच्या आत काय चालतं हे त्यांनी मला बारावीच्या सुट्टीत शिकवलं. ते पेपर वाचत होते, मी दूध तापवत होते.

"समज मी प्रोसेसर," म्हणाले. "माझं काम पेपर वाचायचं. आता दर ओळीला उठून दूध बघून आलो तर पेपर संपंल का?"

"न्हाई. आन दूध बी उतू जाईल, तुमी लय हळू चालता."

"गप. म्हणून मी बघायचंच न्हाई. दूध वर आलं की तू हाक मारायची. हाक आली की मी वाचल्या ओळीवर काडी ठेवणार, उठणार, गॅस बंद करणार, तुला 'झालं' म्हणणार, आन काडीपासनं परत पुढं वाचणार. ह्या हाकंला म्हणायचं इंटरप्ट. ते 'झालं' इसरायचं न्हाई. ते म्हटल्याबिगर त्याच नंबरची, आन त्याच्या खालच्यांची, पुढची हाक आत सोडतच न्हाईत."

हाक मारणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर. जुन्या पीसीत शून्य ते पंधरा. शून्य घड्याळाचा, एक कीबोर्डचा, सहा फ्लॉपीचा, चौदा हार्ड डिस्कचा. प्रोसेसरला हाक कुणी मारली हे दिसत नाही, नंबर कळतो. मेमरीत एक तक्ता असतो, त्यात नंबरापुढं पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्यावर जायचं, तिथं जे काम लिहिलंय ते करायचं. "ऑर्डर बघायची, सवाल करायचा न्हाई," आप्पा म्हणायचे. त्यांना ते आवडायचं.

आताची कार्डं आपापसांत नंबर वाटून घेतात. जुन्या कार्डांना तो हातानं द्यावा लागतो. कार्डावर छोट्या पिना असतात आणि टिकलीएवढी प्लॅस्टिकची टोपी. ती चिमट्यानं काढून दुसऱ्या पिनांवर बसवली की नंबर बदलतो. त्याला जंपर म्हणतात. एक नंबर दोघांना द्यायचा नाही, हा नियम. पण नंबर थोडे आणि कार्डं जास्त. मग ह्या धंद्यातल्या जुन्या लोकांनी एक वाट काढलेली. सात नंबर कागदावर प्रिंटरचा. पण डॉसमध्ये छापताना प्रिंटर हाक मारतच नाही, प्रोग्रामच त्याला सारखा विचारत बसतो, पुढचं अक्षर देऊ का, देऊ का. म्हणजे सात नंबर नावापुरता प्रिंटरचा. अडचण आली की सात द्यायचा. "सात नंबर रिकामाच असतो," आप्पा म्हणायचे. असं त्यांनी कितीतरी कारखान्यांत केलं होतं आणि कुठंच काही झालं नव्हतं.

मी पाचवीत असताना आई गेली. मावशी तिची धाकटी बहीण. तिला जतकडं दिलेली. नवरा गेल्यावर ती सांगलीत आली आणि बेदाणा निवडायला लागली. सुट्टी लागली की मी तिच्याकडं. आप्पा मला सोडायला आले की ती दारातूनच सुरू व्हायची.

"आवं दाजी, मेलेलं डबं उठवताय म्हणं. मग आमच्या अक्काला का न्हाई उठवलंसा?"

असं फक्त मेहुणीच बोलू शकते. आप्पा हसायचे, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायचे. मग ती त्यांच्यापुढं चहा ठेवायची. त्या दोघांचं दुःख असं चालायचं, टोमण्यांवर.

ती ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये जायची तिथं थंडीसाठी अमोनिया. गळती झाली तर सायरन वाजावा म्हणून एक सेन्सर होता, पण त्याचा इशारा घेऊन सायरन वाजवणारं मूळचं खोकं कधीच बंद पडलेलं. मावशीनंच मालकाला सांगितलं, आमचं दाजी करत्यात. आणि आप्पांना फोन केला, "शिट्टी वाजंना झालीया वं. वीस-बावीस बायका हाय आमी. येऊन बघा की."

आप्पा गेले. मालक म्हणाला, नवीन खोकं आणायचं नाही, टेंपरेचरची नोंद करणारा जुना पीसी आहे, त्यालाच जोडा. तिथं आप्पांनी नाही म्हणायला हवं होतं. बायकांचा जीव असल्या डब्याला बांधायचा नसतो. पण मेहुणीनं बोलावलेलं. त्यांनी सेन्सरचं कार्ड घातलं. त्या कार्डाला चालतील ते सगळे नंबर भरलेले. त्यांनी सात दिला. कापसाच्या बोळ्यावर अमोनिया घेऊन सेन्सरपुढं धरला आणि सायरन असा बोंबलला की मावशी म्हणाली, "दाजी, आता आमचं कान गेलं की वं." मग आप्पांनी कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली, 'प्रिंटर जोडू नये', आणि स्क्रू आवळले.

आतून. बाहेरून धूळ आणि पाणी लागून चिठ्ठी खराब होईल म्हणून आतून. फौजेतला माणूस. ऑर्डर लिहिली म्हणजे ती पाळली जाणार, असं त्याला वाटतं.

मागच्या हंगामात एका दुपारी कुठल्यातरी व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलं. मावशी चेंबरच्या आतल्या टोकाला क्रेट लावत होती. दाराजवळच्या बायका नाकाला पदर लावून बाहेर पळाल्या. नाकाला कळायच्या आधी सेन्सरला कळतं, त्यासाठीच तो असतो. पण सायरन वाजला नाही. मावशी शेवटी बाहेर आली ती रांगत.

डोळे वाचले. फुफ्फुसं वाचली नाहीत. तोंडाला फेस येईपर्यंत भांडणारी बाई आता चार शब्द बोलते आणि थांबते. मालकाचा माणूस दवाखान्यात येऊन सांगून गेला की ती आमची कामगारच नाही, ठेकेदाराची बाई आहे. ठेकेदार म्हणाला हजेरीत नावच नाही. एवढी वर्षं बर्फात राबली ती कोण होती मग, भूत? मी दवाखान्याच्या बाकावर बसूनच पत्रक लिहिलं. राग आला की मला भराभर सुचतं.

छापून घेतलं, सांगलीत वाटलं, मग साताऱ्याला आले आणि एक प्रत आप्पांपुढं टाकली. मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी दोनदा वाचलं.

"सायरन वाजलाच न्हाई?"

"न्हाई. कुणीतरी बंद करून ठेवला असणार. मालकच."

"बंद केला, का सात नंबरात दुसरं कोण शिरलं," असं काहीतरी स्वतःशीच बोलले आणि उठून बुटांची लेस बांधायला लागले. लेस बांधायला त्यांना इतका वेळ कधी लागला नव्हता.

तेवढ्यात मालकाचाही फोन आला. तुम्हीच बसवलेलं आहे, बघून जा. मी बरोबर गेले. मालकानं मला ओळखलं. "ही तुमची पोरगी व्हय, आप्पा? पत्रकवाली?" म्हणाला, आणि चहा मागवला. मी घेतला नाही. आत काम चालू होतं. बायका सतरंजीवर बसून बेदाणा निवडत होत्या. गळती दुरुस्त झाली होती, सायरनचं अजून काही झालं नव्हतं, तरी त्यांना परत बसवलेलं. हंगाम थांबत नाही ना.

आप्पांनी झाकण काढलं. चिठ्ठी तिथंच होती. त्यांचं सरळ, मोठं अक्षर. आणि कॅबिनेटच्या मागं, पोर्टात, प्रिंटरची जाड केबल.

"हा कवा लावला?"

"दोन हंगाम झालं. एक्सपोर्टवाल्यानं प्रत्येक बॉक्सवर लेबल मागितलं. सांगलीतल्याच एकाकडनं बसवून घेतलं." मालकानं वाकून चिठ्ठी वाचली. "आप्पा, हे आत लावलंवतं? आत कोण बघतंय?"

मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. आणि तो खरं बोलत होता.

आप्पांनी पिशवीतून बाटली काढली, बोळा ओला केला, सेन्सर वायरीसकट ओढून बाहेर घेतला आणि पुढं धरला. कार्डावरचा छोटा लाल दिवा लागला. सायरन गप्प. परत धरला. दिवा लागला, सायरन गप्प. मग त्यांनी प्रिंटरची केबल उपसली, लेबल छापणारा प्रोग्राम काढून टाकला, पीसी परत चालू केला, आणि बोळा तिसऱ्यांदा धरला.

सायरन बोंबलला. आणि आतल्या सगळ्या बायका उठून पळाल्या. अनवाणी. चपला दाराशी तशाच राहिल्या, सतरंजीवर बेदाणा सांडला. बाहेरच्या उन्हात उभ्या राहून त्या आमच्याकडं बघत होत्या.  टेस्ट आहे म्हणून सांगायला मी धावले.

परत आले तेव्हा आप्पा बोटानं कार्ड पुसत होते. "सेन्सरनं हाक मारली," ते म्हणाले. मालकाला नाही, मलाही नाही. "प्रोसेसर उठला. सात नंबर म्हणून तक्त्यात बघितलं. तिथं आधी माझा पत्ता हुता, सायरन वाजवायचा. ह्या लेबलच्या प्रोग्रामला छापता छापता दुसरं काम करायचं असतंय, म्हणून ह्यो सातची हाक वापरतो. त्यानं माझा पत्ता पुसून सोताचा लिवला. तर प्रोसेसर त्याच्याकडं गेला. त्यानं बघितलं, माझ्या प्रिंटरचं तर काय न्हाई. मग 'झालं' म्हटला आन परत गेला." बोटावरची धूळ झटकली. "हाक आत पोचली. पोच बी दिली. काम कुणीच केलं न्हाई."

माझ्या घरी एक फाईल आहे. कामगारांसाठी मी सरकारी ऑफिसांत दिलेल्या अर्जांच्या नुसत्या पोच आहेत त्यात. निवेदन मिळाले, तक्रार मिळाली, शिक्का, सही, तारीख. ह्याच कोल्ड स्टोरेजबद्दल दिलेल्या दोन तक्रारींच्याही. मी जन्मभर ज्या गोष्टीवर ओरडणार आहे असं मला वाटत होतं, ती माझ्या बापानं स्वतःच्या हातानं स्क्रू लावून बंद केलेल्या डब्यात बसली होती.

मालकाला मात्र लगेच कळलं काय करायचं ते. त्यानं दार लोटून घेतलं.

"आप्पा, सरकारी सायेब येतील. त्यास्नी काय सांगायचं? उंदरानं वायर कुरतडली. कोल्ड स्टोरेजला उंदीर असत्यातच. तुमी बी सुटला, मी बी सुटलो. बाई तुमची पाव्हणी, मी काय परका हाय व्हय?"

आप्पांनी बाटलीचं बूच लावलं. झाकण लावलं, हत्यारं गोळा केली. निघताना बायकांना म्हणाले, प्रिंटर काढलाय, शिट्टी वाजंल, पण हिच्यावर इसंबू नका, नवीन खोकं मागा.

आता माझं. एसटीत, कराड गेल्यावर, मी म्हणाले, "आप्पा, उंदीर म्हणू या."

ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "कोण म्हणतंय हे?"

"मीच."

"पत्रक लिवणारी?"

"त्यो सगळं तुमच्यावर ढकलंल. बाहेरच्या मिस्त्रीची चूक म्हणंल आन हात झटकंल. त्याला तेच पायजे."

"मग उंदीर म्हटल्यावर त्याचं काय जातंय?"

काहीच जात नव्हतं. उंदीर म्हटलं की चौकशी तिथंच संपणार होती. खरं सांगितलं तर आप्पांचं नाव येणार, पण त्याबरोबर हेही येणार की मालकानं सायरनचं खोकं आणलं नाही, मोडक्या पीसीला जीव टांगले, वर प्रिंटर जोडला, आणि तपासणी कुणी कधी केलीच नाही. मावशीच्या हातात तेवढंच एक हत्यार होतं. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी ते सत्य तांबड्या अक्षरांत छापलं असतं. मला हे तेव्हाही पक्कं माहीत होतं. तरी मी साताऱ्यापर्यंत उंदीर उंदीर करत राहिले. रडलेही.

आप्पा एवढंच म्हणाले, "तिला पयलं सांगणार. तिनं बोलवलं हुतं मला."

पुढच्या रविवारी गेलो. मावशी खाटेवर, उशाला ऑक्सिजनचं मशीन घुरघुरतंय. "बसा की... दाजी." आप्पा बसले नाहीत. उभ्यानं, हात सरळ ठेवून, त्यांनी रिपोर्ट दिल्यासारखं सगळं सांगितलं. सात नंबर, चिठ्ठी, तक्ता, पत्ता. एकही गोष्ट गाळली नाही. ती डोळे मिटून ऐकत होती.

"प्रिंटर... कशाचा?"

"बॉक्सवरच्या लेबलांचा."

"आमीच... चिकटवायचो ती."  "मी लय... नीट चिकटवायची."

आप्पांचे खांदे हलायला लागले. तिनं हात पुढं केला आणि त्यांचं मनगट धरलं. मग माझ्याकडं मान वळवली.

"लिही की मग... समदं. तू लिवतीस."

मी खाली बघितलं. माझ्याऐवजी आप्पाच बोलले. त्यांना चहाडी करायची नव्हती. रिपोर्ट अर्धा द्यायचा नसतो, एवढंच त्यांना ठाऊक. "ती उंदरानं वायर खाल्ली म्हणू या म्हणत हुती. मी न्हाई म्हटलं."

मावशी माझ्याकडं बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. आई गेल्यावर माझी वेणी घालताना ती आरशातून माझ्याकडं बघायची, तशी ती शोधत होती, ही आपली तीच पोर का म्हणून. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं.

आप्पांनी आपल्या अक्षरात तीन पानी जबाब लिहून दिला. मालकाचा उंदीर त्यात होता, माझा होता का ते मी विचारलं नाही. मालकानं उत्तरात पहिलं तेच वापरलं, बाहेरच्या मिस्त्रीची चूक. आप्पांना आता कुठल्या कारखान्याचा फोन येत नाही, आणि आला तरी ते जाणार नाहीत. दावा चालू आहे. आप्पा दर आठवड्याला सांगलीला जातात, मावशीशेजारी बसतात. हल्ली ती त्यांना परत टोमणे मारायला लागली आहे, एक टोमणा तीन श्वासांत. माझ्याशी ती वाईट वागत नाही. आले की विचारते, "जेवलीस का?" हो म्हटलं की संपलं.

मागच्या महिन्यात चौकशीचे साहेब तिचा जबाब घ्यायला घरी आले. खुर्ची मी दिली, पाणी मी दिलं, आणि दाराच्या चौकटीत उभी राहिले. त्यांनी सगळं विचारलं, ती तुकड्या-तुकड्यांनी सांगत गेली.

"सायरन का वाजला नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दाजींनी."

"कुठं सांगितलं?"

"हितंच."

"दडपायचा प्रयत्न कुणी केला का? उंदरानं वायर खाल्ली असं सांगा, असं तुम्हाला कुणी म्हटलं?"

"मालक... दाजींस्नी म्हटलावता."

"आणखी कोण? घरातलं कुणी? दाजींनी सांगितलं तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

मावशीनं दाराकडं, माझ्याकडं, नीट बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं. ती माझ्या आधी बोलली, आणि ह्या वेळी श्वास न तोडता.

"कोण न्हवतं."

साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि तिच्यापुढं सहीला पेन धरलं.